‘डायव्हर्जंट’ : गोव्यातल्या वाचकांचे आणि पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या किशोर वाचन मंडळात ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली जाते आणि तिच्याबद्दलचे प्रश्नही पुन्हा पुन्हा येतात. मुलं वाचताना विचारतात, पालक मुलांच्या हातात पुस्तक पाहून विचारतात, आणि दहावीचा निकाल जवळ आला की दोघांचेही प्रश्न वाढतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड नंतर. उत्तरांत पहिल्या पुस्तकातलं कथानक बरंच उघड होतं. तिसऱ्या पुस्तकातली एक महत्त्वाची गोष्ट फक्त प्रश्न १३मध्ये आहे. ते पुस्तक वाचलं नसेल तर तो प्रश्न सोडून पुढे जा.

१. ही कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे? थोडक्यात सांगा.

भविष्यकाळातल्या, अर्ध्या ओस पडलेल्या शिकागो शहरात माणसं पाच गटांत वाटलेली आहेत. वयाच्या सोळाव्या वर्षी प्रत्येकाने भर सभेत आपला गट निवडायचा आणि आयुष्यभर तो पाळायचा. जन्माचा गट सोडला तर घरही सुटतं. बिआट्रिस प्रायर ही मुलगी तो गट सोडते, ‘ट्रिस’ हे नवं नाव घेते, आणि आपण कुणाच्या आहोत हे तिला प्रत्येक पायरीवर नव्याने ठरवावं लागतं.

२. पाच गट लक्षात राहत नाहीत. कोण कोणते?

आधी हे गट का झाले ते लक्षात घ्या, म्हणजे नावं आपोआप राहतील. कादंबरीतल्या पूर्वजांना पुन्हा युद्ध नको होतं, पण युद्ध कशामुळे होतं यावर त्यांचं एकमत झालं नाही. ज्यांनी स्वार्थाला दोष दिला त्यांचा ॲब्नेगेशन गट झाला. हे लोक करडे कपडे घालतात, आरशात पाहणंसुद्धा टाळतात, आणि त्यांना स्वतःसाठी काही नको असतं म्हणून राज्यकारभार त्यांच्याकडे आहे. अज्ञानाला दोष देणारे निळ्या कपड्यांतले एरुडाइट, म्हणजे शिक्षक आणि संशोधक. खोटेपणाला दोष देणारे कॅन्डर काळे-पांढरे कपडे घालतात आणि कायदा सांभाळतात. आक्रमकपणाला दोष देणारे ॲमिटी लाल-पिवळ्या कपड्यांत शेती करतात. भित्रेपणाला दोष देणारे काळ्या कपड्यांतले डॉन्टलेस शहराचं रक्षण करतात. ट्रिस जन्माने ॲब्नेगेशनची, ती निवडते डॉन्टलेस.

निवडीच्या दिवशी पाच मोठी पात्रं मांडलेली असतात. त्यांत करडे दगड, पाणी, काच, माती आणि पेटते निखारे असतात, वर ज्या क्रमाने गट सांगितले त्याच क्रमाने. हाताला सुरी लावून आपल्या गटाच्या पात्रात रक्ताचा थेंब पाडायचा. सहाव्या गटाबद्दल, म्हणजे कुठल्याच गटात नसलेल्यांबद्दल, प्रश्न ८ पाहा.

३. लेखिका कोण? पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची?

लेखिका वेरॉनिका रॉथ. जन्म १९८८. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकत असताना, शेवटच्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत तिने हे पुस्तक लिहिलं. ‘डायव्हर्जंट’ २०११ साली, ‘इन्सर्जंट’ २०१२ साली आणि ‘अलिजंट’ २०१३ साली आलं. वाचायचा क्रमही हाच. २०१४ साली ‘फोर’ हा कथांचा संग्रह आला, त्यात ट्रिसचा डॉन्टलेसमधला प्रशिक्षक टोबायस याच्या बाजूने आधीच्या घटना येतात. तो पहिल्या पुस्तकानंतर कधीही वाचला तरी चालतो, पण सुरुवात त्याने करू नका.

४. माझी मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती. तिला हे इंग्रजी झेपेल का?

झेपेल. सगळी गोष्ट ट्रिस स्वतः वर्तमानकाळात सांगते आणि वाक्यं लहान आहेत. एकोणचाळीस प्रकरणं आहेत, बहुतेक एका बैठकीत संपणारी. अडचण येते ती गटांच्या नावांची, कारण ते इंग्रजी शब्द शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाहीत. प्रश्न २चं उत्तर एका कागदावर उतरवून पुस्तकात खुणेसारखं ठेवायला सांगा. पहिली चार-पाच प्रकरणं आईने किंवा बाबांनी सोबत बसून वाचली तर उत्तम. निवडीचा प्रसंग एकदा वाचून झाला की तिला कुणाची गरज लागणार नाही.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी ग्रंथालयात विचारा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२पासूनची परंपरा असलेलं हे ग्रंथालय आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं, मग हे पुस्तक त्या दिवशी मिळो वा न मिळो.

५. कोणत्या वयापासून द्यावं? हिंसा फार आहे असं ऐकलं.

आहे. आठवीच्या खाली मी देत नाही. डॉन्टलेस गटाच्या प्रशिक्षणात मुलं एकमेकांना बेशुद्ध पडेपर्यंत मारतात, एका मुलाच्या डोळ्यात रात्री झोपेत सुरी खुपसली जाते, ट्रिसवर तिचेच सोबती हल्ला करतात. प्रेमप्रसंग आहेत, पण ते संयमाने लिहिले आहेत. पालक बहुतेक वेळा त्याबद्दलच विचारतात, आणि काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची असते. प्रशिक्षणात मागे पडलेला अल नावाचा मुलगा आत्महत्या करतो. त्यानंतर डॉन्टलेसचे म्होरके त्याच्या मृत्यूला शौर्याचा मुलामा देतात. ट्रिसला त्या भाषणाचा संताप येतो, आणि लेखिकेचं म्हणणं त्या संतापात आहे. पण घाईने वाचणाऱ्या मुलाच्या हातून ते निसटू शकतं.

म्हणून तो भाग मुलांना एकट्याने वाचायला देऊन गप्प बसू नका. ‘अलला कुणी काय म्हणायला हवं होतं?’ एवढं विचारा आणि ऐकत राहा. एखादं मूल त्या प्रसंगाने नको इतकं हललेलं दिसलं, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं.

६. चाचणीत जो गट येतो तोच घ्यावा लागतो का?

नाही. ही कादंबरीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि सगळ्यांत जास्त चुकीची समजली जाणारीही. चाचणी आदल्या दिवशी होते आणि ती फक्त कल सांगते. निवड दुसऱ्या दिवशी होते आणि ती पूर्णपणे ज्याची त्याची असते. चाचणीत ज्ञानाकडे कल निघाला तरी शेतीचा गट घ्यायला कुणी अडवू शकत नाही.

चाचणी कशी असते तेही पाहा. मुलांना औषध पाजून स्वप्नासारख्या अवस्थेत नेतात. समोर दोन टोपल्या, एकीत चीजचा तुकडा, दुसरीत सुरी. एक निवड, असं एक आवाज सांगतो. बिआट्रिस विचारते, ‘कशासाठी?’ आणि दोन्हींपैकी काहीच उचलत नाही. टोपल्या नाहीशा होतात आणि दात विचकणारा कुत्रा समोर येतो. पुढे प्रत्येक पायरीवर ती अशी वागते की चाचणीला तिचा एक कल ठरवताच येत नाही. ॲब्नेगेशन, एरुडाइट आणि डॉन्टलेस असे तीन गट निघतात. चाचणी घेणारी टोरी तिला बजावते, हे कुणाला सांगायचं नाही.

माझ्या मते पुस्तकाचा जीव या दोन दिवसांतल्या अंतरात आहे. चाचणी सांगते तू कशी आहेस, आणि सभेत विचारतात तुला कुणाचं व्हायचंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असायला हवं असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. दहावीच्या मुलांना मी हा भाग मुद्दाम दोनदा वाचायला लावते, कारण कलचाचणीचा कागद हातात आला की घरातली मोठी माणसं तोच निकाल समजतात.

७. डायव्हर्जंट म्हणजे सगळ्यांत हुशार, सगळ्यांत शूर असं का?

नाही. डायव्हर्जंट म्हणजे जिच्यात ट्रिससारखे एकापेक्षा जास्त कल आहेत अशी व्यक्ती, एवढंच. ट्रिस शरीराने लहानखुरी आहे, मारामारीत हरते, आणि काही वेळा सोबत्यांशी कठोर वागते. तिचं वेगळेपण असं की औषधाने निर्माण केलेल्या आभासातही ‘हे खरं नाही’ हे तिला कळतं, आणि माणसांना कह्यात ठेवू पाहणाऱ्यांना तेच नको असतं. भीतीचा सामना करायला लावणारे जे आभास प्रशिक्षणात येतात, त्यांची कल्पना लेखिकेला मानसशास्त्राच्या वर्गात शिकलेल्या एका उपचारपद्धतीवरून सुचली. त्या उपचारात माणसाला त्याच्या भीतीपुढे सुरक्षितपणे, हळूहळू नेतात. कादंबरीत ‘सुरक्षितपणे’ आणि ‘हळूहळू’ हे दोन्ही काढून टाकलं आहे.

८. गटाबाहेरचे लोक कोण? त्यांनी काय गुन्हा केला?

काहीच नाही. बहुतेक जण निवडलेल्या गटाचं प्रशिक्षण पार करू शकले नाहीत, इतकंच. ते बस चालवतात, साफसफाई करतात, कापड तयार करतात, आणि मोबदल्यात अन्न-वस्त्र मिळतं, तेही पुरेसं नाही. शहर त्यांच्या श्रमावर चालतं, पण सभेत त्यांच्यासाठी पात्र मांडलेलं नसतं. पहिल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल फार थोडं येतं. मुलांनी हे लोक वाचताना मागे सोडू नयेत असं मला फार वाटतं. आपल्याकडे मडगाव-वास्कोच्या बांधकामांवर, मासळीच्या धक्क्यांवर कितीतरी माणसं वर्षानुवर्षं राबतात आणि तरी ‘बाहेरची’ म्हणूनच ओळखली जातात. चर्चेत हा मुद्दा मुलांनीच काढला होता.

९. आईबाप इतके चांगले असताना ट्रिस त्यांना सोडून जाते. हे स्वार्थी नाही का? आम्ही मुलांना काय शिकवायचं?

हा प्रश्न फक्त पालक विचारतात, आणि त्यामागची धास्ती मला समजते. गोव्यात बारावीनंतर मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला गेला की तो सणालाच येणार, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

ट्रिसच्या मनातही हाच प्रश्न असतो. त्याच सभेत तिचा भाऊ केलेब तिच्या आधी ज्ञानाचा गट निवडतो, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही मुलं जातात. तिचा हात दगड आणि निखारे यांच्यामध्ये थांबतो, आणि रक्त निखाऱ्यांवर पडतं. ‘रक्ताच्या नात्याआधी गट’ हे त्या समाजाचं ब्रीद आहे, आणि कादंबरी या ब्रीदाच्या विरोधात उभी आहे हे पालकांनी लक्षात घ्यावं. भेटीच्या दिवशी आई येते. लेकीवर रागावलेली नसते. पुढे कळतं की आई स्वतः डॉन्टलेसमध्ये जन्मलेली होती, तिनेही घर सोडलं होतं. निःस्वार्थी गटात राहून तिने ते धाडस जपलं, आणि निर्भय गटात जाऊन लेक आईकडून आलेला त्याग जपते. ट्रिस संकटात दुसऱ्यासाठी पुढे होते ती शिकवण घरचीच असते.

तेव्हा मुलांना काय शिकवायचं, या प्रश्नापेक्षा भेटीच्या दिवशी आपण जाणार की नाही, याचा विचार आधी करा. ट्रिसचे बाबा येत नाहीत. ते तिला किती लागतं ते वाचा.

१०. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, याच्याशी या निवडीची तुलना बरोबर आहे का?

वयाची तुलना बरोबर आहे, नियमांची नाही. मूल तितकंच असतं, पंधरा-सोळा वर्षांचं. नातेवाईकांसमोर उत्तर द्यायचं दडपण तेच असतं. पण कादंबरीत परतीला कायद्यानेच बंदी आहे आणि आपल्याकडे ती नाही.

मात्र सगळे दरवाजे सारखे उघडे असतात असंही नाही, हे मुलांना आधीच सांगा. विज्ञान घेऊन बारावी केलेल्याला पुढे कला किंवा वाणिज्यात पदवी घेता येते. कला घेऊन बारावी केल्यावर थेट अभियांत्रिकीकडे सहसा वळता येत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आणि व्यावसायिक अभ्यासक्रम याच दहावीनंतर सुरू होतात, आणि ते नापासांसाठी नाहीत. एवढी माहिती हातात असली की निवड रक्ताच्या थेंबाइतकी भयंकर राहत नाही.

तुलना खरी ठरते ती दुसऱ्या ठिकाणी. डॉन्टलेसमध्ये पूर्वी प्रशिक्षण पुरं करणाऱ्याला सामावून घेत. नव्या म्होरक्यांनी क्रमवारी आणली आणि खालच्या क्रमांकांना बाहेर काढायला सुरुवात केली. तेव्हापासून मुलं शेजारच्या खाटेवरच्या मित्राला शत्रू समजू लागतात. डोळ्यातली सुरी आणि अलचा शेवट (प्रश्न ५) या दोन्ही गोष्टी क्रमवारीतून येतात. निवडीने त्या मुलांचं वाटोळं केलं नाही, निवडीनंतरच्या मोजणीने केलं. टक्क्यांची यादी वाड्यावर फिरवणाऱ्या प्रत्येकाने ही प्रकरणं वाचावीत.

११. आमचे आजोबा म्हणतात, ‘आम्ही हे १९६७ साली केलंय.’ जनमत कौलाशी याचा संबंध लावता येतो का?

येतो, आणि आजोबांना ते सविस्तर सांगायला लावा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारलं गेलं की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

कादंबरीतल्यासारखीच ही ‘आम्ही कुणाचे’ याची निवड होती, आणि एकाच घरात दोन्ही निशाण्यांना मतं गेलेली घरं आहेत. पण पुढे काय झालं ते पाहा. विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार कौलाआधी पायउतार झालं होतं. कौल त्यांच्या मताविरुद्ध गेला. आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं, भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे एका प्रश्नावर ‘नाही’ म्हटलं तरी माणूस परका ठरला नाही. हरलेले एक लाख अडतीस हजार लोकही गटाबाहेर फेकले गेले नाहीत. ते तेच शेजारी राहिले, त्याच जत्रेला गेले.

मनं दुखावली नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. ज्यांनी फुलाला मत दिलं त्यांच्या घरी हा विषय आजही हळवा आहे. ‘बरोबर कोण होतं’ हा चर्चेचा प्रश्न करू नका. ‘मत देऊन घरी आल्यावर काय झालं?’ असं विचारा.

१२. आम्ही घरी कोकणी बोलतो, वाचतो मराठी, मुलगी इंग्रजी शाळेत. पुस्तक वाचून तिने विचारलं, ‘मग मी कुठल्या गटाची?’ काय सांगू?

ती मनापासून विचारते आहे, तेव्हा ‘आपण सगळे भारतीय’ असं म्हणून विषय संपवू नका. कादंबरीत एका माणसाच्या अंगावर एकाच गटाचे रंग असतात, आणि त्या सक्तीमुळेच सगळं बिघडतं. आपल्या राज्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. त्यावरून वाद झाले, अजून होतात. पण जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात मराठी नाटक रंगतं आणि रंगपटात तेच नट एकमेकांशी कोकणीत बोलत असतात. तिला तिथे घेऊन जा.

‘तूं खंयचो?’ हा गोव्यात सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याला एका शब्दाचं उत्तर क्वचितच असतं. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, मंगेश कुठ्ठाळीहून मंगेशीला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. राहतो वास्कोत, देव फोंडा तालुक्यात, मूळ गाव तिसराच, अशी कितीतरी घरं आहेत, आणि ती कुठल्याच ठिकाणी खोटी नाहीत. तिला सांगा की तिचे तीन गट आहेत, आणि तिने ते कुणापासून लपवायची गरज नाही. ट्रिसला ती मोकळीक नव्हती.

१३. तिसरं पुस्तक वाचून राग आला. तुम्हाला आवडलं का?

अर्धं. शहराबाहेर गेल्यावर कळतं की हे सगळं एका प्रयोगाचा भाग होतं, आणि बाहेरचे लोक माणसांची विभागणी ‘शुद्ध’ आणि ‘बिघडलेली’ जनुकं अशी करतात. कल्पना महत्त्वाची आहे, कारण पाच गट मोडले तरी माणसं नवी वाटणी शोधतात हे तीत दिसतं. पण डायव्हर्जंट असणं जनुकांवर आलं की निवडीचं मोल कमी होतं, आणि पहिल्या पुस्तकाची ताकद तर निवडीत होती. ट्रिस आणि टोबायस आळीपाळीने गोष्ट सांगतात, त्यांचे आवाज पुरेसे वेगळे होत नाहीत. शेवट मी इथे सांगणार नाही. तो मला पटतो. पहिल्या पुस्तकातल्या मुलीशी तो प्रामाणिक आहे.

१४. सिनेमा पाहिला तर पुस्तक वाचायची गरज आहे का?

आहे. २०१४, २०१५ आणि २०१६ साली तीन चित्रपट आले, शेवटचा चौथा कधी झालाच नाही, त्यामुळे पडद्यावर गोष्ट अर्धवटच राहिली. शिवाय ट्रिसच्या मनातली घालमेल पुस्तकात पानोपानी आहे, पडद्यावर तेवढी येत नाही.

१५. वर्गात मुलांना पाच गटांत बसवून उपक्रम घ्यायचा आहे. कसा घ्यावा?

कृपया तसा घेऊ नका. शिक्षकांचा हा आवडता बेत आहे, पण दहा मिनिटांत डॉन्टलेसची मुलं ॲब्नेगेशनच्या मुलांची टर उडवू लागतात, आणि एक-दोन मुलं अशी उरतात ज्यांना कुठलाच गट बोलावत नाही. प्रश्न ८ तुम्ही वर्गातच उभा करता.

त्याऐवजी प्रत्येकाला कोरा कागद द्या. एका बाजूला, घरातून मिळालेली अशी कोणती गोष्ट आहे जी कुठेही गेलो तरी सोडणार नाही, ते लिहायचं. दुसऱ्या बाजूला, घरात नसलेली अशी कोणती गोष्ट आहे जी शिकायला बाहेर जावंच लागेल. मराठी, कोकणी, इंग्रजी, ज्याला जी भाषा सुचेल ती चालेल. वाचून दाखवायची सक्ती नको. तास संपला की कागद गोळा करू नका, मुलांकडेच राहू द्या.